जोड कोण लावतो?

मोहम्मद अली आणि माईक टायसन, दोघेही ऐन उमेदीत असताना समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं?

घोटावड्यात आम्ही संध्याकाळी जी अभ्यासिका चालवतो, तिथे पुस्तकं मिटली की बरेचदा हा विषय निघतो. पोरं कोण? कोणी हिंजवडीत कंत्राटी कामावर, कोणी पिरंगुटच्या कारखान्यात शिफ्टला, कोणी अजून कॉलेजात. सगळ्यांच्या मोबाईलवर जुन्या लढतींच्या रील. एक जण टायसनचा भक्त आहे. त्याच्या मते पहिल्या दोन फेऱ्यांतच अली आडवा झाला असता. दुसरा म्हणतो, टायसनचा ठोसा अलीला लागलाच नसता. तिसऱ्याचं म्हणणं, दोघांनाही विसरा, सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीपुढे दोघंही टिकले नसते.

वडीलधाऱ्या माणसांतही हाच वाद चालतो, फक्त नावं बदलतात. मुळशी हा पैलवानांचा तालुका. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा ज्यांच्या नावाने दिली जाते ते मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठ्याचे. २०२५ साली ती गदा जिंकणारा पृथ्वीराज मोहोळही मुठ्याचाच. त्यामुळे इथल्या जत्रेत ‘हरिश्चंद्र बिराजदार आज असते तर सिकंदर शेखला धरलं असतं का’ यावर पारावर तास-तास निघतो. मातीवरचा पैलवान भारी की मॅटवरचा, दुधा-तुपावरचा भारी की पावडरवरचा, हा वाद कधीच निकाली होत नाही. बरोबरीत सुटतो आणि पुढच्या जत्रेला परत लागतो.

मला हा वाद आवडतो. त्यात पोरं विचार करायला लागतात. पण मित्रांनो, समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्यात एक गोष्ट खटकते. न झालेल्या लढती दोन प्रकारच्या असतात. काही काळाने अडवलेल्या. अली १९४२ चा, टायसन १९६६ चा, त्याला कोणाचा इलाज नाही. आणि काही माणसांनी अडवलेल्या. दोघे एकाच काळात जिवंत, दोघेही तयारीचे, रिंगणही मोकळं, तरीही लढत झाली नाही, कारण ती कोणीतरी होऊ दिली नाही. आपण पहिल्या प्रकारावर रात्री जागवतो आणि दुसऱ्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं असं की दुसऱ्या प्रकाराचा हिशेब केल्याशिवाय पहिल्या प्रकाराचं उत्तर देताच येत नाही.

आधी साध्या अडचणी बघू. रॉकी मार्सियानो १९५२ ते १९५६ विश्वविजेता होता. ४९ लढती, ४९ विजय, एकही हार नाही. त्याचं वजन ८५ किलोच्या आसपास. आजच्या नियमांत तो हेवीवेटमध्ये बसतच नाही, त्याच्या खालच्या गटात जातो. फ्युरी सव्वाशे किलोच्या आसपास वजनाने रिंगणात उतरलेला आहे. जॅक जॉन्सनच्या काळात ४५ फेऱ्यांची लढत ठरायची, अलीच्या काळात १५ फेऱ्यांची, आता १२. हातमोजे पूर्वी हलके होते. आहार, डॉक्टर, समोरच्याच्या जुन्या लढतींची चित्रफीत बघून केलेली तयारी, सगळंच बदललं. तेव्हा जाणकार म्हणतात, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या काळात तोला. तो आपल्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढे होता ते बघा.

उपाय बरोबर वाटतो. पण आपल्या काळातले ‘इतर’ म्हणजे कोण? ज्यांच्याशी तो लढला ते. आणि ज्यांच्याशी त्याने लढायचंच नाकारलं, ते?

हा प्रश्न हवेतला नाही. काळाने अडवलेली लढत लावण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. १९६७ साली मरे वोरोनर नावाच्या माणसाने सर्व काळातल्या १६ हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची स्पर्धा लावली, संगणकावर. जाणकारांना विचारून प्रत्येकाचा वेग, ठोसा, सहनशक्ती, जुने निकाल असं सगळं संगणकात भरलं. निघालेले निकाल रेडिओवर खऱ्या लढतीसारखे ऐकवले. अंतिम फेरीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. आणि अली? अली उपांत्यपूर्व फेरीतच बाद. कोणाकडून? जिम जेफ्रीजकडून.

अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. बदनामी झाली म्हणाला. त्या वर्षी अलीची स्थिती काय होती ते लक्षात घ्या. एप्रिल १९६७ मध्ये त्याने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला. त्याचं विजेतेपद काढून घेतलं, परवाना काढून घेतला. २५ वर्षांचा, जगातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा, आणि त्याला कुठेही लढायची परवानगी नाही. शेवटी दाव्यात तडजोड झाली. १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो एका स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूचे लढले. वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले. मार्सियानो त्यानंतर थोड्याच दिवसांत विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो चित्रपट दाखवला, त्यात तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकतो. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकतो. संगणक एकच होता म्हणे! प्रेक्षक बदलला की निकाल बदलला.

म्हणजे बघा, ज्याला खऱ्या रिंगणातून हाकललं होतं, त्याला खोट्या रिंगणात उभं करून हरवून दाखवलं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जेफ्रीज.

जिम जेफ्रीज १८९९ ते १९०५ विश्वविजेता. न हरता निवृत्त झाला. संगणकाने त्याची ही ‘अपराजित’ नोंद वाचली असणार. या नोंदीत एक विजय पीटर जॅक्सनवरचा आहे, १८९८ सालचा, तिसऱ्या फेरीत. कागदावर हा मोठाच विजय. पण पीटर जॅक्सन कोण होता? कॅरिबियन बेटावर जन्मलेला, ऑस्ट्रेलियात घडलेला काळा मुष्टियोद्धा. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तो जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला आणि लढत निकालाविना थांबवली गेली. पुढच्याच वर्षी कॉर्बेटने जॉन सुलिव्हनला हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. म्हणजे होऊ घातलेल्या विश्वविजेत्याला ६१ फेऱ्या रोखून धरणारा माणूस. त्याच्या उमेदीच्या काळात विश्वविजेता होता सुलिव्हन. सुलिव्हनने जॅक्सनशी लढत घेतलीच नाही. जॅक्सनचं वय उतरलं, तब्येत ढासळली, तेव्हा कुठे तरुण जेफ्रीजने त्याला तीन फेऱ्यांत हरवलं. तीन वर्षांनी जॅक्सन क्षयाने मेला. नोंदवहीत राहिलं काय? ‘जेफ्रीज विजयी.’ सुलिव्हनचा नकार कुठल्याच रकान्यात नाही. आणि हाच जेफ्रीज विजेता झाल्यावर काळ्या आव्हानवीरांना विजेतेपदाची लढत देईना. जॅक जॉन्सन दारात उभा होता, जेफ्रीज निवृत्त झाला.

सुलिव्हनचा प्रकार तर आपल्या पोरांनी पाठ करून ठेवावा असा आहे. १८९२ साली त्याने वर्तमानपत्रांतून जाहीर आव्हान दिलं. कोणीही या, पहिला येईल त्याच्याशी आधी लढतो. फक्त एक अट. समोरचा गोरा पाहिजे. काळ्याशी मी लढलो नाही, लढणार नाही. याला म्हणायचं खुलं आव्हान! ‘खुला’ या शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून आजपर्यंत फारसा बदललेला नाही.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. सप्टेंबर १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका क्लबात ओळीने तीन दिवस विजेतेपदाच्या लढती होत्या. तिसऱ्या दिवशी सुलिव्हन-कॉर्बेट. आदल्या दिवशी जॉर्ज डिक्सन या काळ्या, लहान चणीच्या विजेत्याने गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला लोळवलं. प्रेक्षकांना ते पाहवलं नाही. क्लबने काय केलं? यापुढे काळ्या-गोऱ्यांची लढत आपल्याकडे नाही, असं ठरवून टाकलं. काळा हरतो म्हणून नव्हे, जिंकतो म्हणून दार बंद झालं. ‘त्यांची लायकीच नाही’ असं म्हणणाऱ्याला खरोखर तसं वाटत असतं तर त्याने दार बंद कशाला केलं असतं?

पुढे जॅक जॉन्सन आला. गुलामीतून सुटलेल्या आई-बापाचा मुलगा. १९०८ च्या डिसेंबरात सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला काळा हेवीवेट विश्वविजेता झाला. अमेरिकेचं डोकं फिरलं. त्याला हरवायला गोरा पाहिजे म्हणून निवृत्त जेफ्रीजला शेतावरून उठवून आणलं. ४ जुलै १९१०, रेनो. पंधराव्या फेरीत जेफ्रीज संपला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसं मेली, आणि मेलेल्यांत बहुतेक काळेच होते. लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली. १९१२ मध्ये तर असे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच बंदी करणारा कायदा झाला. १९१३ मध्ये जॉन्सनला गोऱ्या बाईबरोबर प्रवास केल्याच्या प्रकरणात दोषी ठरवलं. तो देश सोडून गेला. १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डकडून हरला. त्या खटल्यातल्या शिक्षेची माफी त्याला मिळाली २०१८ साली. मरून ७२ वर्षं झाल्यावर.

१९१५ नंतर पुन्हा काळ्या माणसाला हेवीवेट विश्वविजेतेपदाची लढत कधी मिळाली? १९३७ साली, जो लुईला. मध्ये २२ वर्षं. या २२ वर्षांत हॅरी विल्स नावाचा माणूस होता. डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता, आणि विल्स वर्षानुवर्षं त्याचा पहिला हक्काचा आव्हानवीर. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगानेसुद्धा विल्सशी लढायचा आग्रह धरला. लढत झाली नाही. म्हणून संगणकाच्या स्पर्धेत डेम्प्सी अंतिम फेरीत पोचला तेव्हा मला विचारावंसं वाटतं, विल्सशी लढून आलास का बाबा?

इथे न्यायाला धरून एक गोष्ट सांगायला हवी. मार्सियानोवर हा आरोप नाही. त्याने जो लुई, वॉलकॉट, चार्ल्स, मूर या सगळ्या काळ्या मुष्टियोद्ध्यांशी लढती घेतल्या. लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता, हे खरं. पण मार्सियानोने पळ काढला नाही. माझा वाद कुठल्या गोऱ्या माणसाशी नाही. वाद नोंदवहीशी आहे. नोंदवही झालेलं लिहिते. नाकारलेलं लिहीत नाही. आणि पन्नास वर्षांनी त्या नोंदवहीलाच गुणवत्ता म्हणतात.

आता रेनोहून आपल्याकडे येऊ. कुस्तीच्या फडात एक शब्द आहे, जोड. पंच किंवा वस्ताद वजन, वय, तयारी बघून दोन पैलवानांची जोड लावतो. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सगळा खेळ जोड लावणाऱ्याच्या हातात. कुस्ती कोण जिंकतो ते पैलवान ठरवतो. कुस्ती कोणाला मिळते ते पैलवान ठरवत नाही.

माझे आजोबा, आईचे वडील, तरुणपणी त्यांच्या गावच्या जत्रेत हलगी वाजवायचे. त्या गावात ते काम आमच्या वस्तीकडे होतं. ज्यांनी फड पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, हलगी कडाडल्याशिवाय पैलवानाच्या अंगात येत नाही. जत्रेच्या आधी हौदा खणायचा, तांबडी माती चाळायची, ढेकळं फोडायची, हेही काम वस्तीचंच. म्हणजे माती आमच्या हातची, नाद आमच्या हातचा. आजोबा अंगाने जबर होते. ज्वारीचं पोतं एकट्याने पाठीवर घ्यायचे. आईला ते सांगायचे, एकदा त्यांनी पंचांना हात जोडून विचारलं, मला पण एक कुस्ती द्या. उत्तर आलं, ‘तुझी जोड न्हाई हितं.’

जोड नाही. याचे दोन अर्थ होतात. तुझ्या तोडीचा कोणी नाही, असाही होतो. पण त्या पंचाला तो अभिप्रेत नव्हता. चितपट झाले तरी चालेल, पण त्याच्या अंगाला अंग लागलं तर? विटाळ घेऊन घरी कोण जाणार? आणि आजोबांनी कोणाला चितपट केलं असतं तर त्याहून मोठी पंचाईत. १९५६ नंतर वस्तीने बुद्ध धम्म स्वीकारला, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, हलगीही सोडली. पुढच्या जत्रेला हलगी कोणी वाजवायची यावरून गाव चिडलं. त्यांना कुस्ती द्यायची नव्हती, पण हलगी हवी होती.

त्या गावच्या फडाचा इतिहास उद्या कोणी लिहिला तर त्यात गाजलेले पैलवान येतील. आजोबांचं नाव येणार नाही. ते हरलेल्यांच्या यादीतही नाहीत. हरायलासुद्धा आधी जोड लागावी लागते.

हे फक्त खेड्यातलं आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने पुण्यातल्या पळवणकर बाळूंचं चरित्र बघावं. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचा आणि सरावाला गोलंदाजी टाकायचा. गोऱ्यांच्या संघाला हरवायचं तर बाळूच पाहिजे, म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतलं. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२० साली भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदू संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. आज कोणी बाळू आणि बिशनसिंग बेदी यांची तुलना केली तर बळींचे आकडे मांडता येतील. ‘कर्णधार म्हणून’ या रकान्यात बाळूंच्या नावापुढे काही नसेल. रिकामा रकाना ‘जमलं नाही’ असं सांगतो. ‘मिळू दिलं नाही’ असं सांगत नाही.

बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे मला माहीत आहे. अभ्यासिकेतला एक जण लगेच म्हणाला, मग आपण त्यांची बाजू कशाला घ्यायची? त्याला माझं उत्तर असं. अन्याय मोजताना माणूस आपल्या पक्षाचा आहे का हे बघायचं नसतं. जॉन्सनही काही संत नव्हता. न्याय चारित्र्याचा दाखला बघून मिळायला लागला तर तो न्याय उरत नाही.

आता यावरचा ठरलेला आक्षेप. ‘हे सगळं जुनं झालं. आता स्पर्धा खुली आहे. गुणवत्ता असेल तो पुढे जाईल.’

ठीक. गुणवत्तेचीच गोष्ट करू. १९१५ ते १९३७ काळ्यांमध्ये हेवीवेट विजेता होण्याइतकी गुणवत्ता ‘नव्हती’. १९३७ ला दार उघडलं. जो लुईने बारा वर्षांत २५ वेळा विजेतेपद राखलं. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत मार्सियानो आणि योहान्सन सोडले तर हेवीवेट विजेते जवळजवळ सगळे काळेच. एवढी गुणवत्ता अचानक कुठून उगवली? ती होतीच. दाराबाहेर होती. मग लोक उलटं बोलायला लागले, काळ्यांचं शरीरच तसं असतं! तेही खोटं ठरलं. सोव्हिएत व्यवस्थेत व्यावसायिक बॉक्सिंगला वाव नव्हता. ती व्यवस्था कोसळली, दार उघडलं आणि युक्रेनचे क्लिच्को बंधू आले. २०२४ च्या मे महिन्यात फ्युरीला हरवून सगळे किताब एकत्र करणारा उसिकही युक्रेनचाच. रक्त, हाड, वंश यांची चर्चा करणाऱ्यांनी आधी दाराची चर्चा करावी.

आपल्या तालुक्यात हे रोज दिसतं. डोंगराच्या पलीकडे, गाडीवर वीस-पंचवीस मिनिटांवर, हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांच्या कॉलेजात त्या इमारतींतली कंपनी मुलाखतीला येत नाही. पोरगा त्याच इमारतीत जातो, पण ठेकेदारामार्फत, सफाईला किंवा गेटवर. तो मुलाखतीत नापास झालेला नाही. त्याची मुलाखतच झालेली नाही. जोडच लागलेली नाही. आणि त्याच्याच वयाचा, आत बसलेला मुलगा त्याला सांगतो, भाऊ, मेरिट पाहिजे. आरक्षण म्हणजे कोणाला जिंकवून देणं नव्हे. आरक्षण म्हणजे जोड लावायला भाग पाडणं. कुस्ती आपल्यालाच खेळायची असते.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी राहते.

जॅक जॉन्सन विजेता झाल्यावर त्याने काय केलं? सॅम लँगफर्ड हा काळा मुष्टियोद्धा त्याच्याकडे सतत लढत मागत होता. १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला हरवलं होतं, पण तेव्हा लँगफर्ड वजनाने बराच हलका होता, आणि पुढे तो आणखी तयार झाला. विजेता जॉन्सनने त्याला एकदाही संधी दिली नाही. गल्ला गोऱ्या प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या लढतीत होता. दोन काळ्यांच्या लढतीला पैसे कोण देणार? सगळ्या कारकिर्दीत जॉन्सनने विजेतेपदासाठी एकाच काळ्याशी लढत घेतली आणि तो लँगफर्ड नव्हता. लँगफर्ड आणि विल्स बिचारे एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढत राहिले. १९४४ मध्ये एका पत्रकाराने लँगफर्डला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शोधून काढलं तेव्हा तो आंधळा आणि कंगाल होता. हेवीवेट विश्वविजेतेपदाची एकही लढत त्याला मिळाली नाही.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती अशी काम करते. वरचा दार लावतो, हे कळतं. पण दारातून कसाबसा आत शिरलेला मागचं दार ओढून घेतो, हे आपण बोलत नाही. जॉन्सनची अडचण मी समजू शकतो. बाजार गोऱ्यांचा होता. पण अडचण समजणं वेगळं आणि ते बरोबर मानणं वेगळं.

आपल्या चळवळीला हा प्रश्न विचारा. आपल्या व्यासपीठावर मातंग, चर्मकार, मेहतर, भटके-विमुक्त यांची जोड लागते का, की आपणच आपल्यात लढतो आणि आपणच जिंकतो? जयंतीच्या समितीत बाया किती? पोरं १६ महान हेवीवेट मोजत होती तेव्हा अभ्यासिकेतल्या एका मुलीने विचारलं, यात एकही बाई कशी नाही? पोरं हसली. हसण्यासारखं काय आहे? महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू आहे. महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ साली, सांगलीत, आणि ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग आलं २०१२ ला. मधल्या साठ वर्षांत महाराष्ट्रात ताकदीच्या बाया जन्मल्याच नाहीत, असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? त्यांची जोड लावायचा विचारच कोणाच्या मनात आला नाही. पंचांमध्ये आपल्या घरातलेही पुरुष होते.

मग करायचं काय? दोन गोष्टी.

पहिली, जोड मागायची. खाशाबा जाधवांनी मागितली. १९५२ च्या ऑलिम्पिकच्या निवडीत निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, तेव्हा ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकली. हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक आणलं. ती दुसरी कुस्ती लागली नसती तर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं नसतं, आणि नोंदवहीने खाशाबांना निवड न झालेला पैलवान म्हणून विसरून टाकलं असतं.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांकडून शिकायची. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण छापून तयार झालं. मंडळाने ते वाचलं आणि घाबरून परिषदच रद्द केली. म्हणजे जोड लावली आणि ऐनवेळी मोडली. बाबासाहेबांनी ते भाषण कपाटात ठेवलं नाही. स्वतःच्या पैशाने प्रसिद्ध केलं, आणि ते का होऊ दिलं नाही याचा पत्रव्यवहारही त्यातच छापला. गांधीजींना त्यावर लिहावं लागलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी त्यांना उत्तरही दिलं. त्या परिषदेत त्या वर्षी काय झालं असतं हे कोणाला आठवत नाही. न झालेलं भाषण मात्र आपण सगळे ‘जातिसंहार’ म्हणून वाचतो. नकाराची नोंद केली म्हणून नकार हरला.

आपल्याला हेच काम गावागावांत करायचं आहे. प्रत्येक वस्तीत अजून चार-दोन म्हातारी माणसं आहेत ज्यांना आठवतं, हौदा कोणी खणला आणि कुस्ती कोणाला मिळाली नाही. कोणत्या मुलीला शाळेतून काढलं, कोणाला पाण्यावर, कोणाला तालमीत, कोणाला भजनी मंडळात येऊ दिलं नाही. मोबाईल सगळ्यांकडे आहेत. रील बघण्यातला अर्धा तास काढून त्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करा, तारीख-वार-गाव घालून लिहून ठेवा. आमच्या अभ्यासिकेने हे काम सुरू केलं आहे. मुळशीतली ज्या गावांतली पोरं तयार असतील त्यांनी आपल्या गावापासून सुरुवात करावी.

अली की टायसन, हा वाद खुशाल घाला. मीही घालतो, आणि माझं मत अलीला आहे. फक्त उत्तर देण्याआधी एकदा यादी नीट वाचा, आणि यादीत कोणाची जोड लागूच दिली नाही त्यांची नावं खाली स्वतःच्या हाताने लिहा. पीटर जॅक्सन. सॅम लँगफर्ड. हॅरी विल्स. आणि त्याखाली तुमच्या गावातलं एक नाव.

जय भीम.